पेरणीनंतर थरथरणारे होले : कीटकनाशकं पक्ष्यांच्या मज्जासंस्थेचं नेमकं काय करतात?

माळरान

शेतातल्या औषधांनी पक्षी मरतात हे आता सगळ्यांना माहीत आहे. माझा प्रश्न न मरणाऱ्यांबद्दल आहे.

करमाळ्याच्या पुढे आमची कोरडवाहू जमीन आहे. हस्तावर शाळू पेरून झाला की दरवर्षी बांधाकडेला एखाद-दुसरा होला (पारव्याच्या कुळातला लहान पक्षी) बसलेला सापडतो. अगदी जवळ गेलं तरी उडत नाही. पंख खाली सोडलेले, पायाची बोटं आत वळलेली, अंगाला बारीक थरथर. काही तासाभरात मरतात. काही उन्हं उतरेपर्यंत तसेच बसतात आणि मग डुगडुगत उडून जातात. त्यांचं पुढे काय होतं?

शेजारचे काका म्हणतात मानमोडी आहे. मला संशय आहे बियाण्याला चोळलेल्या औषधाचा. नुसतं बघून फरक ओळखता येतो का? तपासणी करायची तर कशाची? आणि उडून गेलेला पक्षी खरंच बरा झालेला असतो का?

"सेंद्रिय शेती करा" एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू. ते बाबांना सांगून झालंय आणि त्यावर मिळालेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

कावळोबा

पहिला प्रतिसाद! सेंद्रिय शेती करा.

(बाबांचं उत्तर खाजगी निरोपात पाठवा.)

डॉ_पाणवठा

पशुवैद्यक आहे. गाई-म्हशींत आयुष्य गेलं, पण जखमी पक्षी घेऊन येणारी पोरं कायमची पाठीमागे लागलेली असतात, त्यामुळे थोडं लिहितो.

आधी मानमोडी. ती विषाणूने होते. पारवे-होल्यांत त्याच गोत्राचा एक विषाणू फिरतो. त्यात मान पिळवटून डोकं उलटं होतं, दाणा टिपायला जावं तर चोच भलतीकडेच पडते, आणि हे कित्येक दिवस चालतं. पेरणीनंतर नेमक्या दोन-चार दिवसांत, नेमक्या त्याच शेताच्या कडेला आणि फक्त दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांत असं दिसत असेल, तर माझा पहिला संशय औषधावर जाईल.

आता औषध काय करतं ते. एका मज्जातंतूकडून स्नायूला निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) ते रसायन लगेच फोडून टाकतं. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, फोरेट ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं आणि कार्बोफ्युरॉनसारखी कार्बामेट गटातली, या विकरालाच धरून बसतात. मग निरोप थांबतच नाही. दारावरची बेल कुणीतरी दाबून धरावी तसं. स्नायू आधी थरथरतात, मग आखडतात, मग थकून लुळे पडतात. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, पातळ हगवण. शेवटी छातीचे स्नायू आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्र हार मानतं आणि पक्षी गुदमरून मरतो. बोटं आत वळणं हे शिकारी पक्ष्यांत तर या विषबाधेचं ठरलेलं लक्षण मानतात.

पक्ष्यांना हे आपल्यापेक्षा जास्त बाधतं. सस्तन प्राण्यांच्या रक्तात अशी काही विषं फोडणारं एक विकर बऱ्यापैकी असतं, पक्ष्यांत ते अगदीच कमी. माणसाला नुसती मळमळ करणारी मात्रा पक्ष्याला संपवू शकते.

बटाटावडा

गिधाडं पण अशीच गेली ना? डायक्लोफेनॅक?

डॉ_पाणवठा

नाही, तो वेगळा मामला. डायक्लोफेनॅक हे गुरांचं वेदनाशामक. त्याने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात आणि यूरिक आम्लाचे पांढरे थर आतल्या अवयवांवर साचतात. मज्जातंतूंशी संबंध नाही. गुरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. मात्र मेलेल्या जनावरावर कुत्री मारायला कीटकनाशक टाकतात, ते खाऊन गिधाडं मरतात तेव्हा ती मज्जासंस्थेवरची विषबाधा असते. आसामात असे प्रकार झाले आहेत.

तिफणवाला

माळरानताई, तुमचा धागा वाचला. मी शेतकरी आहे, शाळू आणि हरभरा करतो. थोडी आमची बाजू ऐका.

ज्वारीला खोडमाशी लागते. कोंब वर आला की माशी अंडी घालते, अळी पोंग्यात शिरते आणि मधला सुरळा वाळून जातो. नुसता हाताने ओढला तर उपटून येतो, खाली सडका वास. एकदा लागली की फवारून उपयोग नाही. म्हणून बीजप्रक्रिया. हे कृषी खातंच सांगतं आणि बरोबर सांगतं. अख्ख्या शेतावर तीनदा फवारण्यापेक्षा बियाण्याला थोडंसं चोळलेलं बरं, असा त्याचा हिशोब आहे.

पक्षी मरावेत असं कुठल्या शेतकऱ्याला वाटतं? कोतवाल, साळुंख्या, बगळे रानात असले की आम्हालाच बरं.

आता दाणे पक्ष्यांना सापडतात कुठे ते सांगतो. बी मातीआड नीट गेलं तर होल्याला नाही सापडत. तो काही मोरासारखा उकरत नाही. पण तिफण शेताच्या टोकाला वळवताना उचलावी लागते, तेव्हा चाड्यातून (बी सोडायच्या तोंडातून) दाणे वरच सांडतात. धुऱ्याला बघा, लाल-गुलाबी दाणे पसरलेले असतात. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने तर जास्त. आणि बियाणं चोळलेलं घमेलं जिथे झटकतात ती जागा. ताईंचे होले बांधालाच का सापडतात त्याचं उत्तर हे.

माळरान

तिफणवाला, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आमच्याकडे ट्रॅक्टर उत्तरेकडच्या बांधाला वळतो आणि पक्षी तिथेच सापडतात.

गव्हाणी

दाणेदार औषधांचंही असंच. पक्षी अन्न दळायला बारीक खडे गिळतात, ते पोटातल्या पेषणीत राहतात. कार्बोफ्युरॉन किंवा फोरेटचे दाणे नेमके त्या खड्यांएवढे. अमेरिकेत दाणेदार कार्बोफ्युरॉनवर १९९० च्या दशकात बंधनं आली ती मुख्यतः पक्ष्यांमुळेच. चिमण्यांसारखे छोटे पक्षी दाणे गिळून मरायचे आणि ते मेलेले पक्षी खाऊन गरुड.

आमच्या सांगली भागात उसाला हुमणीसाठी (मुळं खाणाऱ्या अळीसाठी) दाणेदार औषध टाकायचे. नांगरामागे गाय बगळे हुमणी वेचत चालायचे, ती अर्धमेली हुमणी आयती मिळायची.

वऱ्हाडी_ठेचा

पक्ष्याचं जाऊ द्या भाऊ, आमच्या इकडं मानसं गेली. यवतमाळ, २०१७. कपाशी डोक्याच्या वर गेली होती, त्यात घुसून फवारनी करत होते. डोये लाल, ओकाऱ्या, हातपाय लटलट. वीसच्या वर लोकं मेले, शेकड्यानं दवाखान्यात होते. तवा पेपरात हेच शब्द वाचले होते, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस. डॉक्टर लिहितात ते होल्याचं लक्षन अन् आमच्या मजुराचं लक्षन एकच हाय. फरक इतकाच का मजुराले ॲट्रोपिन भेटलं, होल्याले कोन देते?

डॉ_पाणवठा

ठेचा, अगदी बरोबर. विष तेच, विकर तेच, उतारा तोच.

फुलपाखरू७७

बिहारमधली २०१३ ची शाळेतली घटना आठवते. सारण जिल्ह्यातलं गंडामन गाव. माध्यान्ह भोजनात मोनोक्रोटोफॉस गेलं आणि २३ मुलं दगावली. तेव्हा बंदी का नाही घातली?

निवृत्त_कृषीसहायक

बंदीचा क्रम सांगतो, नोकरीत परिपत्रकं वाटण्यातच दिवस गेले. डीडीटी शेतीसाठी १९८९ मध्ये बंद, आरोग्य खात्याला मात्र सूट राहिली. ऑल्ड्रिन १९९६ मध्ये गेलं. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरायला २००५ पासून मनाई. २०१८ च्या आदेशात १८ औषधं होती, त्यातली फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस, फॉस्फामिडॉन वगैरे ३१ डिसेंबर २०२० नंतर वापरायची नव्हती. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर २०२३ मध्ये आदेश निघाला, त्यातही शिल्लक साठा संपवायला मुदत होती.

कापसाला मंजूर असलेलं "मोनो" वांग्यावर जाऊ नये म्हणून कागद होता, पण शेतकऱ्याच्या घरात बाटली एकच. ती कपाशीवरही जायची आणि वांग्यावरही. हे आम्हाला माहीत होतं, वरच्यांनाही माहीत होतं.

कावळोबा

म्हणजे वांग्याच्या भरतात अधूनमधून जीभ चुरचुरायची ती तिखटाने नव्हती?

सस्काटूनकर

माळरान, तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल, म्हणजे उडून गेलेल्या पक्ष्याबद्दल, इथे कॅनडात आमच्या गावात बरंच काम झालंय. मी विद्यापीठात नोकरीला आहे, विषय वेगळा, पण इथल्या लोकांचं ऐकून-वाचून थोडं माहीत आहे.

सस्कॅचेवान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वसंतात उत्तरेकडे निघालेल्या पांढऱ्या टोपीच्या रानचिमण्या धरल्या, तीन दिवस अगदी थोडी मात्रा दिली. काहींना इमिडाक्लोप्रिड (हे बीजप्रक्रियेचं औषध), काहींना क्लोरपायरीफॉस. मग प्रत्येक पक्ष्याला नरसाळ्यासारख्या पिंजऱ्यात ठेवून तो कुठल्या दिशेला उड्या मारतो ते पाहिलं. औषध न दिलेले उत्तरेकडे तोंड करून होते. औषध दिलेल्यांना दिशाच लागेना. इमिडाक्लोप्रिडच्या जास्त मात्रेत वजन २५ टक्क्यांनी उतरलं, कमी मात्रेत १७ टक्क्यांनी. क्लोरपायरीफॉसवाल्यांचं वजन टिकलं, पण दिशा त्यांचीही गेली. इमिडाक्लोप्रिडची मात्रा किती, तर बीजप्रक्रिया केलेले कॅनोलाचे चारेक दाणे रोज खाल्ल्यावर पोटात जाईल तेवढी. कॅनोला म्हणजे आपल्या मोहरीचाच भाऊबंद, दाणा केवढा तो बघा.

२०१९ मध्ये त्याच गटाने हाच प्रयोग मोकळ्या पक्ष्यांवर केला. ऑन्टारिओत पक्षी धरले, एकदाच मात्रा दिली, पाठीवर चिमुकले रेडिओ लावून सोडून दिले. जास्त मात्रेच्या पक्ष्यांचं वजन सहा तासांत ६ टक्के घटलं आणि ते निघायला सरासरी साडेतीन दिवस उशीर करत राहिले. कारण त्यांची खायची वासनाच गेली होती. चरबी नाही तर प्रवास नाही. पुढे निघाले, मेले नाहीत. पण विणीच्या जागी उशिरा पोचलेल्याला चांगली जागा आणि जोडीदार मिळणं अवघड असतं.

तर तुमचा होला संध्याकाळी उडून गेला म्हणजे त्या दिवशी वाचला, एवढंच.

तिफणवाला

सस्काटूनकर, प्रयोगात चोचीत औषध घातलं. रानात पक्षी नेमका तेवढाच खातो हे कशावरून? होला काय फक्त आमचेच दाणे खातो का, दिवसभर दहा ठिकाणी चरतो. प्रयोगशाळेतला आकडा रानावर लावू नका.

सस्काटूनकर

शंका रास्त आहे. त्यांनीही म्हणूनच मात्रा कमी ठेवली होती. शिवाय त्या पक्ष्यांची दिशा पुढच्या काही दिवसांत परत आली, हेही सांगायला हवं. म्हणजे बिघाड कायमचा नाही. पण पुरावा म्हणून शेतातलीच गोष्ट हवी असेल तर फ्रान्सची आहे. तिथे मेलेल्या वन्य प्राण्यांची तपासणी करणारं राष्ट्रीय जाळं आहे. त्यांच्या १९९५ ते २०१४ च्या नोंदींत शरद ऋतूतल्या गव्हा-बार्लीच्या पेरणीच्या वेळी पारवे आणि तितर इमिडाक्लोप्रिडने मेल्याची प्रकरणं आहेत. शेताकडेला, सांडलेल्या दाण्यांजवळ. तुम्ही सांगितलेलं चाड्याचं कारण त्यांनीही दिलंय.

गव्हाणी

नेदरलँड्सचा २०१४ चा अभ्यासही आहे. ओढ्या-कालव्याच्या पाण्यात इमिडाक्लोप्रिड लिटरला २० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त होतं तिथे कीटकभक्षी पक्षी वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांनी कमी होत गेले. यात थेट विषबाधा किती आणि किडेच उरले नाहीत म्हणून उपासमार किती, ते वेगळं काढता येत नाही. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड आणि त्याच्याच गटातल्या आणखी दोन अशा तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर थांबवला, तो मुख्यतः मधमाश्यांसाठी.

माळरान

म्हणजे बीजप्रक्रियेचं औषध इमिडाक्लोप्रिड असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं विकराचं गणित लागू होतं का?

डॉ_पाणवठा

अचूक प्रश्न विचारलात. नाही होत. आणि इथेच तपासणी फसते.

ऑर्गॅनोफॉस्फेटची खात्री करायला मेलेल्या पक्ष्याच्या मेंदूतलं कोलिनेस्टरेज मोजतात. त्याच जातीच्या निरोगी पक्ष्यापेक्षा ते निम्म्याहून खाली गेलेलं असेल तर मृत्यूचं कारण तेच धरतात. २० टक्के घट म्हणजे विष अंगात गेलं होतं एवढा पुरावा. कार्बामेटमध्ये विकर लवकर सुटतं, त्यामुळे उशीर झाला तर आकडा चांगला येऊ शकतो आणि आपण फसतो.

इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम ही निओनिकोटिनॉइड. ही विकराच्या वाटेला जातच नाहीत. निरोप जिथे उतरतो त्या ग्राहकालाच जाऊन चिकटतात, निकोटीनसारखी. कीटकांचे ग्राहक ती फार घट्ट पकडतात, पक्ष्यांचे त्या मानाने सैल, म्हणूनच ती "पक्ष्यांना सुरक्षित" म्हणून विकली गेली. पण बियाण्याला लावलेली मात्रा इतकी दाट असते की मक्याचा एक दाणाही छोट्या पक्ष्याला पुरेसा ठरू शकतो. लक्षणं बाहेरून तशीच: सुस्ती, तोल जाणं, पंख ओघळणं, थरथर. मेंदूचं कोलिनेस्टरेज मात्र ठणठणीत येणार. प्रयोगशाळा लिहिणार "विषबाधेचा पुरावा नाही". म्हणून गळ्यातली पिशवी, पेषणी आणि यकृत यांत औषधाचे अंश शोधायला सांगा, आणि कुठल्या औषधाचे ते नाव लिहून सांगा. पिशवीत रंगीत दाणे दिसले तर फोटो काढा.

सुगरण

मला यातला वागणुकीचा भाग जास्त गंभीर वाटतो. पक्षी मेला तर निदान दिसतो. अमेरिकेत स्टारलिंगवर (आपल्या साळुंख्या-भोरड्यांच्याच कुळातला) जुना प्रयोग आहे: मादीला ऑर्गॅनोफॉस्फेटची मात्रा दिली तर ती पिल्लांना भरवायला कमी फेऱ्या मारते. ती जिवंत, घरटं जाग्यावर, अंड्यांची मोजणी बरोबर. पिल्लं मात्र भुकेली. आपल्या पक्षीगणनेत हे कुठल्या रकान्यात भरणार?

दुसरं, डीडीटी म्हटलं की आपण अंड्याच्या पातळ कवचावर थांबतो. मिशिगनमध्ये १९५० च्या दशकात एल्म झाडांवर डीडीटी फवारलं, ते पानांतून मातीत, मातीतून गांडुळांत आणि गांडुळांतून रॉबिन पक्ष्यांत गेलं. ते रॉबिन झटके येऊन मेले. डीडीटी मज्जातंतूतले सोडियमचे दरवाजे उघडेच ठेवतं, त्याचे झटके. आणि २००६ मध्ये कॅनडातल्या जुन्या फळबागांतल्या रॉबिनचे मेंदू तपासले, तर जिथे डीडीटी जास्त तिथे गाण्याशी संबंधित मेंदूचा भाग लहान सापडला. फवारणी थांबून कितीतरी वर्षं झाली होती.

बटाटावडा

आमच्या सोसायटीतला कोकीळ पहाटे चारला सुरू होतो, त्याचा तो भाग फारच मोठा असावा.

कावळोबा

@बटाटावडा, फवारणीचा विचारही मनात आणू नका.

तिफणवाला

आता मोरांवर या. सगळे होल्यांसाठी रडताय. आमच्याकडे वीस-वीस मोरांचा थवा पेरलेला हरभरा उकरून खातो. तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधला, राष्ट्रीय पक्षी, हाकलायला गेलं तरी लोक व्हिडिओ काढतात. नुकसानभरपाईला पंचनामा कोण करतो? शेजारच्या गावात मोर मेले तेव्हा वनखातं आलं, शेतकऱ्याला चौकशीला बसवलं. त्याने बीजप्रक्रिया केली होती, मोर मारायला टाकलं नव्हतं. फरक कोण सिद्ध करणार?

निवृत्त_कृषीसहायक

तिफणवाल्यांचं बरोबर आहे. मुद्दाम विष घातलेलं आमिष आणि शिफारशीनुसार केलेली बीजप्रक्रिया यांत तपासणीतून फरक करता येतो, पण त्यासाठी नमुना वेळेत आणि नीट जायला लागतो. नाहीतर सगळाच संशय.

भरतपूरचं उदाहरण घ्या. केवलादेव उद्यानाच्या आसपास १९८७ ते १९९० च्या दरम्यान सारस मेले. तपासल्यावर कळलं की गव्हाच्या पेरणीत वापरलेलं ऑल्ड्रिन. पुढे त्याच भागात मोनोक्रोटोफॉसनेही सारस मेले, त्यावरचा निबंध २००४ मध्ये आला. दोन्ही वेळा मेलेले पक्षी प्रयोगशाळेपर्यंत पोचले म्हणून कारण कळलं. आपल्याकडे गोंदियात तीसच्या आसपास सारस उरलेत, ते भातशेतीतच चरतात. तिथला एक पक्षी गेला तरी तो तपासलाच पाहिजे.

वऱ्हाडी_ठेचा

गोंदियाचं बरोबर. अन् टोळधाड इसरले का? मे २०२०. अमरावती, वर्धा, काटोल. अग्निशमनच्या बंबानं रातभर झाडावर क्लोरपायरीफॉस मारलं. सकाळी टोळायचा सडा अन् त्याच्यावर कावळे, साळुंक्या. त्याईनं किती खाल्ले अन् मंग कुठं गेले, कोन पाहिलं?

गव्हाणी

ठेचांनी लिहिलंय तेच अर्जेंटिनात घडलं, आणि तिथे कुणीतरी पाहिलं. स्वेन्सनचा बाज उत्तर अमेरिकेत वीण करतो आणि थंडीत अर्जेंटिनाच्या पंपास गवताळ प्रदेशात जाऊन नाकतोडे खातो. कॅलिफोर्नियातले पक्षी परत यायचे कमी झाले म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यावर काहींच्या पाठीवर उपग्रह-यंत्रं बसवली आणि संशोधक त्यांच्यामागे अर्जेंटिनात गेले. निलगिरीच्या झाडांखाली शेकड्यांनी मेलेले बाज. शेतकऱ्यांनी नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं होतं, बाज फवारणी चालू असतानाच ट्रॅक्टरमागे नाकतोडे वेचत होते. १९९५-९६ च्या एका हंगामात सुमारे पाच हजार पक्षी मोजले गेले, प्रत्यक्षातला अंदाज वीस हजारांचा.

पुढचं जास्त महत्त्वाचं. सरकार, शेतकरी आणि कंपनी एकत्र बसले, त्या भागातून मोनोक्रोटोफॉस काढून घेतलं, आणि पुढच्याच हंगामात मरणारे पक्षी काही डझनांवर आले. शेती बंद पडली नाही.

आपल्याकडे हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, माळरानावर नाकतोडेही खातात. आपण त्यांच्या रातथाऱ्यावर मोजतो तेव्हा ते कमी झालेले दिसतात. का ते कळायला पाठीवर यंत्र लागतं आणि मेलेला पक्षी हातात लागावा लागतो.

फुलपाखरू७७

अवांतर: कोंबड्यांवर परिणाम होतो का? आमच्या गावठी कोंबड्या शेतात चरतात.

डॉ_पाणवठा

होतो, आणि कोंबडीचं या शास्त्रात खास स्थान आहे. काही ऑर्गॅनोफॉस्फेट पहिल्या दिवशी काहीच करत नाहीत, दोन-तीन आठवड्यांनी लांब मज्जातंतू झडून पाय लुळे पडतात. उंदरांत हे नीट दिसत नाही, कोंबडीत दिसतं. म्हणून नव्या औषधाची ही चाचणी जगभर प्रौढ कोंबडीवरच करतात. थोडक्यात, पेरणीनंतर आठवडाभर कोंबड्या डालग्यात.

माळरान

बरीच माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. मी कृषी सेवा केंद्रातल्या पावतीवर बघितलं, आमचं औषध इमिडाक्लोप्रिडच आहे. बोटं वळण्याचं काय समजायचं मग? ते तर ऑर्गॅनोफॉस्फेटचं लक्षण म्हणालात.

डॉ_पाणवठा

शेजारच्या शेतात काय मारलं ते विचारा. होला तुमचा बांध ओलांडताना परवानगी घेत नाही. कदाचित दोन्ही विषं पोटात असतील. म्हणूनच नमुना पाठवताना "दोन्ही तपासा" म्हणा: मेंदूत विकर, पिशवीत आणि यकृतात औषध.

निवृत्त_कृषीसहायक

आणि तोवर करता येण्यासारखं: तिफण किंवा यंत्र वळवण्याआधी दाणा बंद करायचा, वळणावर सांडलेलं पायाने मातीआड करायचं, टोकाच्या दोन ओळींवर पाटा फिरवायचा. घमेलं आणि पोती पाणवठ्यावर धुवायची नाहीत. उरलेलं चोळलेलं बी उकिरड्यावर फेकायचं नाही, खोल पुरायचं. एवढ्याने खोडमाशीचंही भलं होत नाही आणि होल्याचंही वाईट होत नाही.

तिफणवाला

हे करतो. पेरणीवाल्या ट्रॅक्टरला वळणावर थांबायला सांगितलं तर तो तासाचे जादा पैसे मागेल, ते ताईंनी द्यावेत.

माळरान

बाबांकडून घ्या.

एक शेवटचं. जिवंत सापडला तर काय करायचं? आणि मेलेला लगेच पाठवता आला नाही तर?

डॉ_पाणवठा

उघड्या हाताने उचलू नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला होता, राज्यात कावळेही सापडले होते. थरथरणारा पक्षी विषबाधेचाच असेल असं लांबून ठरवू नका. आणि पूर्ण लुळा, मानही न उचलणारा पाणपक्षी सापडला तर बोट्युलिझमचा (एका जिवाणूच्या विषाने होणाऱ्या लकव्याचा) विचार करा. २०१९ मध्ये सांभर सरोवरावर हजारो पक्षी त्यानेच मेले. त्यात उलटं होतं, ॲसिटिलकोलीन सुटतच नाही.

हातमोजे किंवा पिशवी घालून, भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबेला ठेवा. ऑर्गॅनोफॉस्फेटने अंगाची ऊब टिकवता येत नाही, थंडीच्या रात्री त्यामुळेच जास्त मरतात. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनळीत जातं. १९२६ वर वनखात्याला कळवा आणि जवळच्या पशुवैद्यकाकडे न्या. ॲट्रोपिनची मात्रा त्यांनीच ठरवायची. निओनिकोटिनॉइडवर मात्र त्याचा उपयोग नाही, तिथे ऊब आणि शांतताच.

मेलेला पक्षी सापडला तरी आधी १९२६ च. नमुना त्यांच्यामार्फतच जाऊ द्या, स्वतः पाठवत बसू नका. ते येईपर्यंत ठेवायचा झाला तर कागदात, मग दोन पिशव्यांत, वर तारीख, जागा आणि जवळच्या शेतात काय मारलं ते लिहून. त्याच दिवशी जाणार असेल तर बर्फावर, नाहीतर गोठवायचा.

माळरान

गोठवायचा म्हणजे घरातल्या फ्रीजरमध्ये?

कावळोबा

आईस्क्रीम आधी संपवा. पत्ता पाठवतो.

डॉ_पाणवठा

घरातल्या नाही. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसींसाठी फ्रीज असतो, तिथल्या डॉक्टरांशी पेरणीच्या आधीच बोलून ठेवा. ऐन वेळी गेलात तर लसींशेजारी मेलेला होला ठेवायला कुणी तयार होणार नाही.